एक टन जास्त

विमानाचं वेड आधी दादाला लागलं होतं, बारकीला नाही. ती त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. दादा जे करील ते आपणही करायचं, एवढंच तिचं ध्येय. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, "आपल्या घरात दिवा बदलायचा तर शिडीवर चढायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं, आणि ही दोघं निघालीत आकाशात!"

दादा वैमानिकाच्या प्रवेशपरीक्षेत पहिला आला आणि वैद्यकीय तपासणीत बाद झाला. डॉक्टरांनी त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांची पानं धरली. त्या ठिपक्यांत आकडा दडलेला असतो. ज्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतात त्यालाच तो सापडतो. दादाला बहुतेक पानांवर नुसतेच ठिपके दिसले. घरी येऊन तो आईला म्हणाला, "काही नाही गं, माझ्या डोळ्यांना आकड्यांचं वावडं आहे." पुढे दोन दिवस तो जेवणापुरताच खोलीबाहेर आला. तिसऱ्या दिवशी त्याने आपली सगळी पुस्तकं बारकीच्या टेबलावर आणून आदळली.

"बस. ढगांपासून सुरुवात करू."

"मला कुठे व्हायचंय पायलट?"

"नाही व्हायचं?"

बारकीने पुस्तक उघडलं. नाही म्हणायची तिची छाती झाली नाही, आणि महिन्याभरात नाही म्हणायची इच्छाही उरली नाही. दादा शिकवायचाच तसा. तापमान आणि दवबिंदू जवळ आले की धुकं कसं धरतं, हे त्याने तिला न्हाणीघराच्या आरशावर वाफ धरून दाखवलं होतं. ती प्रशिक्षणाच्या विमानातून पहिल्यांदा एकटी उडाली तेव्हा तो कुंपणाबाहेर उभा होता. उतरल्यावर तिला वाटलं, शाबासकी देईल. तर म्हणाला, "चाकं टेकवलीस का आपटलीस?" आणि मग तोंड फिरवून बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

पुढे दोघं एकाच विमान कंपनीत लागली. ती सहवैमानिक, तो डिस्पॅचर. डिस्पॅचर म्हणजे जमिनीवर बसून प्रत्येक उड्डाणाचा मार्ग आखणारा, हवामान बघणारा आणि इंधन किती घ्यायचं ते काढून देणारा माणूस. कागदावर त्याची सही असते, पण शेवटचा शब्द कॅप्टनचा. दादा डिस्पॅचच्या खोलीत हुशार म्हणून नावाजलेला होता. विभागाचा प्रमुख तोच होणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. कर्मचारी चेष्टेने म्हणायचे, "याचं नाक हवामानखात्याच्या अर्धा तास पुढे चालतं."

बारकी अडतिसाव्या वर्षी कॅप्टन झाली. खांद्यावर चौथी पट्टी चढून जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हाची ही गोष्ट.

पहाटेचं उड्डाण होतं. सामानाच्या गोंधळात आधीच तासभर उशीर झालेला. विमान गच्च भरलेलं, वजन मर्यादेला टेकलेलं. बारकी खाली उतरून चाकं, पंख, इंजिनं बघत फिरत होती. सहवैमानिक वर कॉकपिटमध्ये होता. तेवढ्यात दादा धापा टाकत आला. डिस्पॅचर सहसा असा विमानापाशी येत नाही.

"बारके, एक टन जास्त घे."

"का? अंदाजात तर स्वच्छ हवा दिलीय."

"अंदाजात दिलीय. पण तिथला दवबिंदू बघितलास? वारा पडलाय. सूर्य उगवला की धुकं धरणार बघ."

"दादा, एक टन म्हणजे नऊ-दहा माणसं उतरवावी लागतील. आधीच तासभर उशीर झालाय. वरच्यांना काय सांगू? माझ्या भावाच्या नाकाला वास आला म्हणून?"

"माझं नाव सांग."

"तुझंच नाव सांगून सांगून इथवर आलेय, असं म्हणतात लोक पाठीमागे. नियमाने जेवढं लागतं तेवढं आहे ना कागदावर?"

"नियमाने आहे."

"मग झालं तर." आणि मग, जवळून एक कामगार जात होता म्हणून असेल, तिने आवाज चढवला. "विमानाची कॅप्टन मी आहे."

दादाने मान हलवली आणि कागद तिच्या हातात दिला. तिने इंजिनावर टेकवून सही केली.

धुकं धरलं. ती पोचायच्या पंधरा मिनिटं आधी ते धावपट्टीवर असं बसलं की दिवेसुद्धा दिसेनात. तिने एकदा उतरायचा प्रयत्न केला, विमान वर घेतलं. दुसऱ्यांदा केला, पुन्हा वर घेतलं. दुसऱ्या प्रयत्नाची काही गरज नव्हती, हे तिला नंतर कळलं; त्या वेळी नव्या पट्टीचा अहंकार हातात होता. मग पर्यायी विमानतळाकडे वळावं लागलं, तर तिथे आधीच चार विमानं रांगेत. शेवटी तिने रेडिओवर इंधनासाठी संकटाचा संदेश दिला आणि सगळ्यांना बाजूला सारून उतरली. नियमाने उतरताना टाकीत निदान अर्ध्या तासाचं इंधन उरायला हवं. उरलं होतं एकोणीस मिनिटांचं. प्रवाशांपैकी कुणाला काही कळलंही नाही. एका आजीने उतरताना तिला "गोड उतरवलंस हो" म्हटलं.

चौकशी बसली. लांबलचक टेबल, पलीकडे तिघं जण, मधोमध पाण्याचा जग.

"कागदावरच्या अंदाजाखेरीज, धुक्याबद्दल डिस्पॅचरने तुम्हाला काही वेगळं सांगितलं होतं?"

आदल्या दिवशी बारकीने उत्तर ठरवलं होतं. खरं सांगायचं. पण प्रश्न आला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आपली पट्टी काढून घेतलेली दिसली, पुन्हा सहवैमानिकाची उजवीकडची खुर्ची दिसली, पाठीमागे हसणारे दिसले.

"कागदावर होतं तेवढंच," ती म्हणाली.

दादाला तिच्यानंतर बोलावलं. तो आत तीन मिनिटंच होता. धुक्याची लक्षणं असताना इंधन वाढवून का दिलं नाही, कॅप्टनला सावध का केलं नाही, असं त्याला विचारलं. "माझ्या लक्षात आलं नाही," एवढंच तो म्हणाला. ज्याच्या लक्षातून दवबिंदूचा दशांशही सुटत नसे, त्याने असं म्हणावं आणि तिघांनी ते लिहून घ्यावं! बारकीला पुन्हा एकदा सिम्युलेटरवर तपासलं आणि सोडून दिलं. दादाला डिस्पॅचच्या खोलीतून काढून तळघरातल्या जुन्या नोंदींच्या विभागात बसवलं. तिथे खिडकी नव्हती.

चौकशीच्या दिवशीच व्हरांड्यात ती त्याला गाठायला धावली होती. "दादा, मी आत जाऊन सांगते."

"काय सांगशील? की मघाशी खोटं बोलले? मग दोघंही जाऊ. गप बस. तू उड."

ती गप बसली. आधी आठवडाभर, मग वर्षभर, मग सवयच झाली. दादाने घरात ब्र काढला नाही. वहिनीने मात्र ती गोष्ट कधी खाली पडू दिली नाही. भाजीत मीठ कमी पडलं आणि दादा काही बोलला, की ती म्हणे, "असू द्या हो, माणसाच्या लक्षात राहत नाही एखादी गोष्ट." प्रमुखाच्या जागेवर दादाच्या हाताखालचा माणूस बसला, त्या दिवशी ती दादाशी बोललीच नाही. बारकी त्यांच्याकडे जेवायला गेली की हे सगळं ऐके आणि खाली मान घालून घास गिळे. दादा तिला विचारत राही, "नवं विमान कसं वाटतं? वाऱ्यात कसं वागतं?" तिने सांगितलं की त्याचा चेहरा खुले, आणि त्याने तिला अजूनच चोरट्यासारखं होई.

सतरा वर्षं गेली. दादा नोंदी लावता लावता निवृत्त झाला. त्या दुपारी त्याच्या घरी चौघंच जेवायला होती: दादा, वहिनी, त्यांची लेक आणि बारकी. लेकीने बाबांच्या नोकरीवर काहीतरी कौतुकाचं म्हटलं. वहिनी वाढता वाढता म्हणाली, "चांगलीच झाली गं नोकरी. तेवढी एक चूक नसती झाली, तर आज तळघरातून नाही, वरून निवृत्त झाले असते."

दादा हसला. नेहमीसारखाच.

"चूक त्याची नव्हती, वहिनी," बारकी म्हणाली. "त्याने मला सांगितलं होतं. एक टन जास्त घे म्हणून. मी ऐकलं नाही, आणि चौकशीत खोटं बोलले."

वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. तिने बारकीकडे पाहिलंच नाही, दादाकडे पाहिलं.

"खरंय हे?"

दादा ताटातला भात चिवडत राहिला. वहिनीने भांडं खाली ठेवलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. लेक तिच्या मागे गेली.

बारकीला वाटलं होतं, आता तरी हलकं वाटेल. दादाने ताट बाजूला सारलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा तिच्यावर चिडला.

"कशाला बोललीस?"

"मला सहन होत नव्हतं रे."

"तुला होत नव्हतं. आणि आता तिने काय करायचं? सतरा वर्षं टोमणे मारलेत तिने. एकेक आठवत बसेल आता. तुझं ओझं उतरवलंस आणि तिच्या डोक्यावर ठेवलंस." तो उठला. "तेव्हा ऐकलं नाहीस ते एक समजू शकतो मी. नवी होतीस. हे नव्हतं करायचं."

पुढच्याच आठवड्यात बारकीने कंपनीला लेखी कळवलं. उत्तर आलं की त्या चौकशीचे कागद मुदत संपल्याने नष्ट केले आहेत, संबंधित कर्मचारी निवृत्त आहे, आणि तिच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे. प्रामाणिकपणा हा शब्द वाचून तिने कागद उलटा करून ठेवला.

चार महिने दादाच्या घरून फोन आला नाही. मग एका दुपारी वहिनी एकटीच तिच्या दारात उभी राहिली. बारकीने चहा केला. वहिनीने अर्धा कप संपवला.

"तुझ्यावर राग होता," वहिनी म्हणाली. "खूप होता. आता तितकासा नाही. तू घाबरलीस. माणूस घाबरतं."

"वहिनी, मी तुमची..."

"थांब, मला बोलू दे. तुझ्यावरचा गेला, पण ह्यांच्यावरचा जात नाही. एका शब्दाने सांगायचं होतं ना मला? मी काय गावभर करणार होते? बहिणीला सांभाळलं, चांगलं केलं. पण मला सतरा वर्षं वाईट बोलू दिलं. रोज ऐकून घेतलं आणि हसले. आता ते समोर बसून पेपर वाचतात, आणि काय बोलावं तेच मला सुचत नाही."

"दादा काय म्हणतो?"

"काय म्हणणार? माझ्या लक्षात आलं नाही म्हणतात."

वहिनीने कप उचलला आणि बारकी नको नको म्हणत असताना स्वतःच विसळून पालथा घातला. मग पदराला हात पुसून ती निघाली. बारकी जिन्यापर्यंत सोडायला गेली. वहिनी कठडा धरून, एकेक पायरी बघत, सावकाश खाली उतरत होती.