हातगुण

बाळ दामल्यांचा हातगुणावर फार विश्वास. टपाल खात्यातून निवृत्त होऊन ते बिबवेवाडीत राहायला आले, तरी दाढ काढायला जायचे ते पेठेतल्या जुन्याच डॉक्टरांकडे. त्यामुळे पत्नी सुहासिनीबाईंच्या पायाची रक्तवाहिनी बंद झाली आणि अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा त्यांनी पुणं पालथं घालून डॉक्टर बद्रीनाथांना गाठलं. या माणसाच्या हाताला गुण आहे, असं चार जणांनी सांगितलं होतं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बद्रीनाथांच्या सहायक डॉक्टर ऋतुजा संमतीचा कागद घेऊन आल्या. "काका, जांघेतून एक बारीक तार आत जाईल. ती रोबो पुढे सरकवेल, त्यामुळे..."

पुढचं ऐकून घेतील तर ते दामले कसले! "रोबो? आम्ही डॉक्टरांचा हात बघून आलोय. यंत्रच हवं असतं तर पिठाच्या गिरणीत गेलो असतो!"

"उशीर झाला तर पाय धोक्यात येईल," ऋतुजांनी बजावलं. दामल्यांनी सही केली नाही. रिक्षा बोलावली आणि बायकोला घरी आणलं. आपण तिला यंत्राच्या तावडीतून सोडवलं, असंच त्यांना वाटत होतं.

मग स्वतःच्या हाताने करणारा दुसरा सर्जन शोधण्यात तीन आठवडे गेले. अंगठा काळा पडला, काळेपणा वर चढत गेला. शेवटी त्याच इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बद्रीनाथ बघून गेले. दामल्यांनी त्यांना दाराबाहेर गाठलं. "आम्ही तुमच्या हातासाठीच आलो होतो हो."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "काका, रोबो आपणहून काहीच करत नाही. शेजारच्या खोलीत बसून मीच तो चालवतो. त्या दिवशीही तिथेच तुमची वाट बघत होतो."

ज्या जिभेचं जन्मभर कौतुक करून घेतलं, ती दामल्यांना उपटून टाकावीशी वाटली.

आत येऊन ते पलंगाशी बसले. पांघरूण एका बाजूला सपाट पडलं होतं. "सुहास, चुकलो गं मी. तो रोबो डॉक्टरच चालवतात म्हणे."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्याच सकाळी त्या डॉक्टरबाईंनी मला सगळं समजावलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. रिक्षात बसेपर्यंत दोनदा बोलले." सुहासिनीबाई छताकडे बघत होत्या. "तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय त्यातलं?"