काळी तार

खमरियाच्या कारखान्यात चौतीस वर्षं विजेचं काम करून चंद्रशेखर निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद होतं: आजकालच्या पोरांना तारेला हात लावायची अक्कल नाही. ऐकायला घरात मुलगी प्रणोती, तीही विजेचीच ठेकेदार. ती हसून सोडून द्यायची.

त्या दुपारी तिचा फोन आला. मदन महलजवळच्या एका लग्नाच्या लॉनमध्ये पार्किंगचे जुने पिवळे दिवे काढून एलईडी बसवायचं काम तिनं घेतलं होतं. पहिले चार दिवे लावताक्षणीच धूर सोडून बंद पडले. तिचा मिस्त्री गुणवंत यानं जोडणीत घोळ घातला असणार, म्हणून चारचौघांत झापून तिनं त्याला घरी जायला सांगितलं होतं. आता बटण बंद करून खांबावरचा तारांचा डबा ती स्वतः उघडणार होती. ‘बरं केलंस’ म्हणून चंद्रशेखरांनी फोन ठेवला.

चहाचा कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. लग्नाचं लॉन, पिवळे दिवे, अकरा खांब. ते काम त्यांचंच होतं, पंचवीस वर्षांपूर्वी रविवारच्या सुट्ट्यांत केलेलं. दिवे कारखान्याच्या लिलावातले, दोन फेजवर, चारशे पंधरा व्होल्टवर चालणारे. खांबात येणाऱ्या दोन्ही तारा जिवंत, करंट नसलेली न्यूट्रल नव्हतीच. लाल तार संपली, म्हणून दुसऱ्या फेजला त्यांनी काळी ओढली होती. आणि काळी म्हणजे न्यूट्रल, हे शेंबडं पोरही सांगेल. बटण बसवलं तेही फक्त लालवर; ते बंद केलं तरी काळी जिवंतच. कागदावर कुठं काही नाही. काहून लिहायचं, मी आहे ना, असा तेव्हाचा तोरा.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग पायात चप्पल आहे की नाही हेही न बघता त्यांनी स्कूटर काढली. ओमतीच्या चौकातल्या गर्दीत अडकले तेव्हा त्यांना चक्क रडू फुटलं.

लॉनच्या फाटकातूनच खांबाभोवतीची माणसं दिसली. कुणीतरी जमिनीवर आडवं होतं. गर्दी बाजूला सारून बघतात तर प्रणोती गुडघ्यांवर बसलेली, आणि तिच्यासमोर गुणवंत. तो घरी गेलाच नव्हता. दीदी डबा उघडतेय हे बघून, चूक माझी असेल तर मलाच दिसू दे, म्हणत पुढे झाला आणि काळ्या तारेला हात लावला. कुणीतरी लाकडी बाकानं त्याला ढकललं म्हणून वाचला. तळहात भाजला होता. श्वास चालू होता.

प्रणोतीचा चेहरा पांढराफटक पडला होता. “बाबा, बटण मी स्वतः बंद केलं होतं. मग करंट आला कुठून?”

चंद्रशेखरांना खोटं सुचलंही असतं. पण गुणवंत डोळे उघडून त्यांच्याकडेच बघत होता.

“काळी पण फेज आहे,” ते म्हणाले. “मीच ओढली होती. दोनशे चाळीसच्या दिव्यांना चारशे पंधरा मिळाले, दिवेही त्याच्यानंच जळले. गुणवंतची काही चूक नाही.”

 प्रणोतीनं बापाकडे असं बघितलं की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

न्यूट्रलसाठी अख्खं पार्किंग खोदणं शक्य नव्हतं. तिनं प्रत्येक खांबाच्या डब्यात स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बसवला, चारशे पंधराचे दोनशे चाळीस करणारा; आणि दोन्ही तारा एकदम तोडणारं बटण. दहा दिवस चंद्रशेखर तिच्या हाताखाली राबले. शेवटच्या दिवशी त्यांनी लाल पेंटचा डबा आणि ब्रश घेऊन प्रत्येक खांबावर लिहिलं: ‘दोन्ही तारा जिवंत.’

हाताला पट्टी बांधलेला गुणवंत मागे उभा राहून बघत होता. अकरावा खांब झाला तेव्हा तो हळूच म्हणाला, “काकाजी, खाली तुमचं नाव पण लिहा ना. माझं तर सगळ्यांसमोर घेतलं होतं.”

चंद्रशेखरांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि पहिल्या खांबाकडे चालायला लागले.