एनेइदाच्या नाटकातली मारिंबुला

मी एक जुनी मारिंबुला आहे, मित्रांनो. नाव भारदस्त असलं तरी आहे मी साधी लाकडी पेटी. पोटाला गोल भोक आणि भोकावर पोलादी पट्ट्यांची रांग. वाजवणारा माझ्यावरच बसतो, पायांमधून हात खाली नेतो आणि पट्ट्या छेडतो. मग माझ्या पोटातून खर्जातला घुमारा निघतो.

मोंते प्लाता गावाजवळच्या ऊसतोड्यांच्या वस्तीत फेलिबेर्तोनं मला घडवलं. फळ्या खारवलेल्या मासळीच्या खोक्याच्या, पट्ट्या मोडक्या ग्रामोफोनच्या स्प्रिंगच्या. मासळीचा वास जायला वर्ष लागलं, पण लग्नाबारशात माझ्याशिवाय मेरेंगेचा नाच रंगत नसे. म्हाताऱ्यासुद्धा चपला काढून उठत. फार सुखाचे दिवस होते ते.

मग फेलिबेर्तो घर सोडून गेला. त्याची लेक एनेइदा तेव्हा जेमतेम चार वर्षांची. पुढे ती शाळेला जाऊ लागली आणि मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडले. तिची आई एर्सिलिया माझ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलायची. कोंबड्या माझ्यावर चढायच्या. पट्ट्या गंजत चालल्या.

एनेइदा राजधानीत जाऊन गायिका झाली. एके वर्षी ती आली आणि मला घेऊन गेली. स्वतःच्या आयुष्यावर तिनं एक संगीत नाटक रचलं होतं. त्यात मेरेंगे होतं, बोलेरोची संथ प्रेमगीतं होती, वस्तीतल्या मिरवणुकीचे ढोल होते आणि मध्येच पोरांचं रॅपही होतं. जाणकारांनी नाकं मुरडली, ही तर खिचडी आहे म्हणाले. त्यावर ती हसून म्हणाली, "माझं आयुष्यच खिचडी, मी तरी काय करू?"

तिनं माझ्या पट्ट्या बदलल्या आणि रुफिनो नावाच्या वादकाच्या हाती मला सोपवलं. जुन्या बसमधून आम्ही गावोगाव हिंडलो. नाटकातलं एक गाणं सगळीकडे गाजलं. लहानपणी दुपारी डोळे मिटले की बाबा मारिंबुला वाजवायचे, असं ते सुरू होई. मग आईनं बाबांना दाराबाहेर काढलं आणि घरातलं गाणंच गेलं, असं ते संपे. लोक डोळे पुसत, मला हळूच हात लावून जात. पण मला ते गाणं टोचायचं. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण माझ्यासारखी पेटी काय बोलणार? कुणी छेडेल तेवढंच ती वाजणार.

फिरत फिरत नाटक आमच्या वस्तीत आलं. एर्सिलिया चर्चला जायचा पांढरा झगा घालून, हातात पंखा घेऊन पहिल्या रांगेत बसली. ते गाणं सुरू झालं तशा माना तिच्याकडे वळल्या. मागून एक शेजारीण कुजबुजली, "इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण ही असली असेल असं वाटलं नव्हतं." एर्सिलियानं पंखा मिटला आणि शांतपणे उठून ती घरी गेली.

सकाळी एनेइदा आईकडे गेली. आईला नको असेल तर नाटक थांबवायचं, असं तिनं ठरवलं होतं. मला परत देऊन टाकायला रुफिनो मला डोक्यावर घेऊन आला आणि अंगणातच थांबला.

"आई, रागावलीस?"

"राग कसला? काढलंच मी त्याला," एर्सिलिया म्हणाली. "ला रोमाना शहरात त्याचं दुसरं घर होतं, लेकरं होती. सामान न्यायला आला तेव्हा ही पेटीही मागत होता. मी म्हटलं, टोपी ने, बूट ने, पेटी मिळायची नाही. पोरीला तिच्याशिवाय झोप येत नाही."

एनेइदाला कळेना. "पण ते गेल्यावर वाजवायचं कोण?"

एर्सिलिया हात पुसत अंगणात आली, माझ्यावर बसली आणि मधली एकच पट्टी छेडू लागली. तिला ना ताल येत होता, ना सूर. पण तोच तो आवाज. एनेइदा उंबऱ्यावर बसून राहिली. बापाचं वाजवणं तिला आठवतच नव्हतं. इतकी वर्षं आठवत होती ती आई.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? आलीस ती थेट गाणं घेऊनच."

एनेइदा रडली. मग दोघींनी कॉफी घेतली. आईनं रंगमंचावर यावं म्हणून तिनं मिनतवारी केली, पण एर्सिलिया काही ऐकेना. एवढंच म्हणाली, "नाटक थांबवू नकोस. त्या दुसऱ्या घराचं मात्र गाऊ नकोस. त्या लेकरांचा काय दोष?"

त्या संध्याकाळी वस्तीत पुन्हा प्रयोग झाला. एनेइदानं गाण्यातला बाप काढला आणि तिथं आई आणली. रुफिनो नेहमीसारखा जोशात वाजवू लागला, तोच पहिल्या रांगेतून एर्सिलिया म्हणाली, "रुफिनो, बाबा, हळू वाजव. पोर आत्ताच झोपलीय."

वस्ती हसली. रुफिनोनं मधली एकच पट्टी छेडली. कालची ती कुजबुजणारी शेजारीण उठून एर्सिलियाच्या शेजारी जाऊन बसली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं वाद्य पडलं असेल. त्याला ओल लागू देऊ नका. पाहुणा आला तर खुशाल त्यावर बसू द्या, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण घरच्या माणसाची गोष्ट गावाला सांगायला निघाल तेव्हा आधी घटकाभर त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. आम्हा पेट्यांना बोलता येत नाही. माणसांना येतं, पण विचारल्यावाचून ती बोलत नाहीत.