कोपरांखालचं मेण

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला घाई चालत नाही. दातांच्या डॉक्टरकडून जबड्याचा ठसा आला, की तो आधी गुलाबी मेणात दात बसवतो. ते मेण पेशंटच्या तोंडात जाऊन येतं, हसून बघतं, बोलून बघतं, आणि मगच पक्की कवळी तयार होते. आमचा कवळीवाला या रिवाजात इतका मुरला होता, की घरात नवी उशी घ्यायची तरी आधी चादरीची घडी डोक्याखाली घेऊन आठवडाभर झोपून बघायचा. अशा माणसाला ट्रायथलॉनच्या सायकलीने झपाटलं, यात डाव सायकलीचाच असणार.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं. एका दमात तीनदा पस्तावायचं. कवळ्यांच्या लॅबमधल्या कुणीतरी त्याच्या पोटाकडे बघून ‘बसून बसून गोल झालात हो’ म्हटलं, आणि त्याच दिवशी यांनी शर्यतीत नाव नोंदवून टाकलं. पोहायला तो शिकत होता. म्हणजे तलावातलं बरंचसं पाणी पिऊन संपवत होता. धावायला येत होतं. राहिली सायकल. त्याची एक होती घरात, कॅरियरची, घंटीची, वयाने त्याच्या संसाराएवढी. पण ज्याचं पोहणं रडत असतं, त्याला सायकलच तेवढी कमी पडते आहे असं मनापासून वाटतं.

सायकलच्या दुकानदाराला सगळे लोखंड्या म्हणत. पूर्वी तो पडदे विकायचा. मग त्याने ‘लोखंडी माणसा’च्या नावाची एक लांब शर्यत पुरी केली आणि तेव्हापासून साधं ‘या, बसा’सुद्धा तो सुळावर चढल्यासारखं म्हणायचा.

“दादा, ही सायकल नाहीये,” तो हळू आवाजात म्हणाला. “हा निर्णय आहे.”

निर्णय खुंटीवर टांगलेला होता. काळा, काळोखाला कल्हई केल्यासारखा. पुढे दोन दांडे, हात जोडून पाण्यात सूर मारावा तसे. त्या दांड्यांवर कोपरं टेकायची, पाठ आडवी करायची, मान खाली घालायची आणि वाऱ्याला कळू न देता निघून जायचं.

“बाजूला बघायचं झालं तर?” कवळीवाल्याने विचारलं.

“कशाला बघायचं?”

“घंटी कुठे असते?”

लोखंड्याने असं बघितलं, जणू विमानाला कुणी शीड मागितलं. “शनिवारपर्यंत ठेवतो,” तो म्हणाला. “तुमच्या मापाची एवढी एकच आहे.” गिऱ्हाइकाच्या मापाची दुकानात नेहमी एकच असते, हे जगातल्या सगळ्या दुकानदारांना आईच्या पोटातूनच माहीत असतं.

किंमत ऐकून कवळीवाला दचकला नाही; तेवढे पैसे बाजूला होते. अडचण वेगळीच होती, आणि ती घरची होती.

त्याची बायको रुग्णवाहिकेचे फोन घ्यायची. दुपारी निघायची, परत यायची तेव्हा हा घोरत असायचा. हा लॅबमधून यायचा तेव्हा ती दुसऱ्यांच्या घरातली आरडाओरड कानात घेऊन बसलेली असायची. दोघांना मिळून दिवसातला एकच तास होता, पहाटेचा. तळ्याकाठच्या रस्त्याने दोन सायकली शेजारी-शेजारी, चाकाला चाक, सावलीला सावली. तो बोलायचा: डॉक्टर कसा कंजूष, दाढ कशी बसली, आज पोहताना किती वेळा जीव गेला. ती ‘हं’ म्हणायची. त्या तासालाच ते दोघं संसार म्हणत.

आता आडवं पडून, मान खाली घालून कोण कुणाशी बोलणार? नवी सायकल घेतली की तो तास गेला. या विचाराने कवळीवाल्याचा जीव गलबलला, आणि थोडा सुखावलाही. कारण त्यात त्याग होता. बायकोसाठी आपण सायकल सोडली, हे तिला योग्य वेळी, सहज म्हणून, पुढची वीसेक वर्षं सांगता आलं असतं.

पण मेणात बसवून बघितल्याशिवाय त्याग तरी कसा करायचा?

त्याने लॅबमधलं गुलाबी मेण आणलं, ज्योतीवर मऊ केलं, स्वतःच्या कोपरांवर दाबून दोन पन्हाळी केल्या आणि जुन्या सायकलीच्या हँडलला दोन पाइप आवळून त्यांच्यावर बसवल्या. काम देखणं झालं होतं. हिरड्यांच्या रंगाची कोपरगादी जगात दुसरी नसेल.

“हे काय?” पहाटे बायकोने डोळे चोळत विचारलं.

“ट्रायल.”

“सायकलला कवळी लावलीस?”

“अगं, नुसता अंदाज घ्यायचाय.”

“घे बाबा. ती चावायला लागली तर सांग.”

तळ्याकाठी आल्यावर त्याने कोपरं टेकली, पाठ आडवी केली. रस्ता नाकाखाली आला, वारा डोक्यावरून गेला, आणि त्याला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. बायको शेजारी दिसत नव्हती, पण मागे असणारच. ती नेहमी असायचीच. तेव्हा त्याने बोलायला सुरुवात केली. सायकलबद्दल बोलला. त्यागाबद्दल आडून-आडून बोलला. “माणसाने शेवटी काय धरून ठेवायचं, हे ज्याचं त्याला कळायला हवं,” असं एक वाक्य तर त्याला स्वतःलाच इतकं आवडलं, की त्याने ते पुन्हा म्हटलं. मागून ‘हं’ आलं नाही. भारावली असेल.

तोवर ऊन वर आलं. काळे पाइप तापले, मेण मऊ पडलं आणि कोपरं हळूहळू त्यात रुतली. मागे बघायला म्हणून त्याने हात उचलला, तर हाताबरोबर मेण आलं, मेणाबरोबर दंडापर्यंतचे केस आले, आणि तोंडातून जे आलं ते छापण्यासारखं नव्हतं. कसाबसा उतरून त्याने मागे पाहिलं. तळ्याकाठचा सरळ रस्ता, लांबच्या लांब, रिकामा.

‘पडली. पडली असणार. मी भाषण ठोकत होतो आणि ती मागे पडून हाका मारत असणार.’ दोन्ही कोपरांना गुलाबी मेण लोंबत असलेला तो माणूस उलटा सुटला. इतका जोर त्याने आडवं पडूनही लावला नव्हता.

ती पडली नव्हती. पहिल्याच वळणावरच्या बाकावर, सायकल झाडाला टेकवून, पाय पोटाशी घेऊन ती गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं, गालावर पानाची सावली. कवळीवाला धापा टाकत उभा राहिला. डोळ्यांखाली एवढं काळं तिला कधीपासून होतं? शेजारून जाणाऱ्याला ते कधी दिसलंच नव्हतं.

“अगं... लागलं का कुठे?”

तिने एक डोळा उघडला. “आलास का जाऊन? छान होती ट्रायल.”

“तू थांबलीस कधी?”

“तू मान खाली घातलीस तेव्हाच. म्हटलं, आता काही याला दिसत नाही.” ती उठून बसली. “मी येते मध्यरात्री, अरे. आणि पहाटे तू घंटी वाजवतोस.”

“मग इतकी वर्षं आलीस कशाला?”

“तू एकटाच मोठमोठ्याने बोलत फिरला असतास. लोकांनी आमच्याच नंबरावर फोन केला असता.”

तो बाकावर तिच्या शेजारी बसला. “मी तर तुझ्यासाठी सायकल सोडणार होतो,” तो म्हणाला. “हा तास जाऊ नये म्हणून.”

“माझ्यासाठी?” ती हसायला लागली, मग त्याचं तोंड बघून थांबली. “तास मलाही हवाय रे. फक्त डोळे उघडे असतील असा हवाय.”

“मग नाही घेत सायकल. दोघंही झोपू.”

“अजिबात नको. तू पहाटे घरात राहिलास तर कपाटं उघडशील, डबे वाजवशील, ‘झोपलीस का’ विचारशील. घे ती सायकल. लांब जा. मी उठेन तेव्हा ये.”

त्याग असा हातोहात परत आल्यावर माणसाकडे नुसती स्वतःची इच्छा उरते, आणि तिच्याशी एकट्यानेच बोलावं लागतं. शनिवारपर्यंत तो बोलला. मग जाऊन सायकल घेतली. लोखंड्याने डोळे मिटून ‘अभिनंदन’ म्हटलं, जणू जुळं झालं होतं.

सोमवारी तो एकटाच गेला. दुकानदाराने सांगितलं होतं तसा वेग पहिले काही फेरे नावालाही मिळाला नाही. वळणावर तर सायकल त्याला विचारत नव्हती, कळवत होती. पण चढावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला दम पुरतोय. इतकी वर्षं तो सगळा बोलण्यात जात होता.

घरी आला तेव्हा ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आलं होतं. बायको झोपून उठली होती, पुरती. चेहरा धुतल्या काचेसारखा. टेबलावर दोन कप होते.

“ऐक ना, चढावर काय झालं...” त्याने दारातूनच सुरुवात केली.

“थांब. आज आधी मी.” तिने खुर्ची पायाने पुढे सरकवली. “एक म्हातारे आहेत, रोज संध्याकाळी फोन करतात. झालेलं काही नसतं. फोन चालू आहे ना, एवढंच विचारतात. सगळे वैतागतात त्यांच्यावर. परवा त्यांचा फोनच आला नाही. काल पण नाही. आपल्याकडून असा फोन करायची परवानगी नसते आम्हाला. मी केला.”

असं काहीबाही ती वर्षानुवर्षं घरी घेऊन येत होती आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. हेल्मेट तसंच डोक्यावर, हातातला हातमोजा अर्धा निघालेला, असा तो उभ्याउभ्या म्हणाला, “उचलला का त्यांनी?”

“उचलला,” ती म्हणाली. “पण आधी ते सायकलचे बूट काढ, फरशीला चरे पडतायत. आणि बस नीट. मोठी गोष्ट आहे.”