आंधळ्या राजाचा हात

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो आंधळा राजा. एका जुन्या शोकनाटकातला. राज्य गेलं, डोळे गेले आणि आता मुलगी हाताला धरून त्याला शहराबाहेर नेते आहे, असं ते चित्र. कुणा थोर चित्रकाराने ते कधीकाळी काढलं आणि त्या चित्राच्या हाताने रंगवलेल्या नकला लोक अजून दिवाणखान्यात लावतात. उठता-बसता डोळ्यांसमोर एवढं दुःख कशाला लागतं, हे मला आजवर कळलेलं नाही. पण आमची चूल त्यावरच पेटते, म्हणून मी तोंड बंद ठेवते.

नक्कल आम्ही वाटून करायचो. चेहरे आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. आभाळ आणि खडक ताईचे. हात आणि कपडे माझे. हात काढणं ही डोकेदुखी, म्हणून ते धाकटीच्या गळ्यात. गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन ताई गेली. तेव्हापासून आभाळही मीच रंगवते आणि तिच्यासारखं ते काही जमत नाही.

मूळ चित्राचा छापील कागद भिंतीवर आहे, पण उन्हाने त्याचे रंग पार उडालेत. त्यामुळे नवी नक्कल आम्ही आधीच्या नकलेवरून करतो, ती दुकानात जायच्या आत. चूक आहे, माहीत आहे. नकलेची नक्कल करत गेलं की काहीतरी हलतंच. त्यात आप्पांची नजर काचबिंदूने गेलेली. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल तेवढंच. कॅनव्हासला नाक लावून ते उजव्या कडेपासून रेखाटन सुरू करतात. दर वेळी ते थोडं मोठं होतं आणि राजा अन् मुलगी तेवढी डावीकडे सरकतात. ती दोघं चालली आहेत तीही डावीकडेच.

मुलीचा चेहरा ताईसारखा होत चाललाय, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी कानाडोळा केला. बापाला लेक आठवणार नाही तर काय. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची.

आप्पा घरात सारखे ठेचकाळायचे. दार समजून कपाटावर जाऊन आदळायचे आणि शिव्या मला घालायचे. पण नव्या नकलेत मुलीचं पाऊल चौकटीच्या कडेला टेकलं आणि त्या आठवड्यापासून त्यांचं ठेचकाळणं थांबलं. उजवा हात पुढे धरून ते सरळ चालायला लागले. मी मुद्दाम वाटेत बादली ठेवून पाहिली. आप्पा बादलीपाशी थांबले, कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान कलती केली आणि बाजूने गेले.

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

"छे. मला कशाला दिसायला हवं?"

मी बादली उचलून बाजूला ठेवली.

पुढच्या नकलेत मुलगी अर्धीच उरली, बाकीची चौकटीबाहेर. तिचा रंग वाळतोय न वाळतोय तोच एका सकाळी आप्पा घरातून नाहीसे झाले. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने त्यांना परत आणलं.

"एवढ्या गाड्यांतून रस्ता ओलांडला म्हातारबुवांनी," तो म्हणाला. "साधा धक्का नाही कुणाचा. पण पुढे रस्ता पुरुषभर खणून ठेवलाय हो. त्या खड्ड्याच्या तोंडाशीच गाठलं मी त्यांना."

मी दाराला कुलूप घातलं. आप्पा बंद दाराकडे तोंड करून उभे राहिले, हात पुढे धरून, अगदी शांत.

"ताई थांबलीय," ते म्हणाले. "तिला ताटकळत ठेवू नकोस."

आता हे चित्र करायचंच नाही, असं मी ठरवलं. पण मी तयार नकला दुकानात पोचवायला गेले, तेवढ्यात आप्पांनी नवं रेखाटन करून ठेवलं होतं. राजाचं पाऊल कडेवर होतं. मुलगी नव्हतीच. डाव्या कडेतून फक्त तिचं मनगट आत आलं होतं आणि राजाचा हात त्या हातात होता.

"चेहरा राहिला ना," मी म्हटलं.

"चेहरा कसा दिसेल? ती बाहेर पडली. आता हात तेवढे तू कर."

कॅनव्हास फाडून टाकावा असं वाटलं, पण त्यात माझा बाप उभा होता. फाडायचं धाडस होईना. दुपारभर मी ब्रश घेऊन नुसती बसून राहिले. मला ताईचा राग आला. ती माझीही होती, मीही तिच्यासाठी रडले होते. पण उरलेला एक माणूस तरी तिने मला ठेवावा. मेलेल्या बहिणीशी भांडतेय याची लाज वाटली, तरी राग काही उतरेना. शेवटी मी सुरी घेतली आणि ते मनगट खरवडून काढलं. बोटं जाता जात नव्हती. त्यांच्या जागी खडक रंगवला, वर थोडं आभाळ. राजाचा हात तसाच राहिला, उघडा, पुढे केलेला, रिकामा.

शेवटचा फटकारा मारला आणि आतल्या खोलीतून धप्पकन आवाज आला.

आप्पा कपाटापाशी जमिनीवर बसले होते. कपाळ फुटलं होतं. ते दोन्ही हातांनी भोवतालची हवा चाचपत होते, आधी हळू, मग घाईघाईने.

"कुठे गेली? आत्ता तर धरला होता हात."

"आप्पा, मी आहे ना." मी त्यांचा डावा हात माझ्या हातात घेतला. माझ्या बोटांना रंग होता. त्यांनी माझं एकेक बोट चाचपून पाहिलं.

"तू आहेसच गं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी उजवा हात पुन्हा हवेत पुढे केला.