आमनाचाचींचं जुनं मशीन

कमरुद्दीन कुवेतहून कायमचा परतला, तेव्हा त्याने टीव्हीला जोडून खेळायची दोन मशिनं बरोबर आणली. रोह्यात स्टँडमागच्या गाळ्यात ती लावली आणि गल्ल्यावर त्याची बायको आमना बसू लागली. धाटावच्या कंपन्यांतली पोरं शिफ्ट सुटली की थेट तिथं यायची. क्रिकेट, फुटबॉल, मोटारींची शर्यत! संध्याकाळी बाहेर चपला ठेवायला जागा उरायची नाही.

आमनाने एक गोष्ट मात्र आपल्या मनाने केली होती. गुरुवारी दुपारी गाळ्यात फक्त मुली यायच्या. कमरुद्दीन कुरकुरला, तर म्हणाली, "पोरींना काय हात नायत?"

बरीच वर्षं हे झकास चाललं. मग कंपनीने नवं मॉडेल बाजारात आणलं आणि जुनं बनवणं बंद केलं. आधी कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण मशिनं तर ठणठणीत होती. पण हळूहळू जुन्यासाठी नवे खेळ येईनासे झाले. जो तो नव्या मॉडेलसाठीच खेळ करू लागला. ते मॉडेल घेण्याची ऐपत या गाळ्याची नव्हती.

धाटावचा रितेश सगळ्यात जुना गिऱ्हाईक. एके दिवशी तोही अवघडून म्हणाला, "चाची, मशीन चांगलंच हाय. पण त्याच मॅची किती वेळा जिंकायच्या?"

"चूल शाबूत हाय रे," आमना म्हणाली, "शिधा संपलाय."

शेवटी कमरुद्दीनने गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायचं ठरवलं. आमनाने हो म्हटलं आणि त्या दिवशी जेवलीच नाही.

सामान बांधायला काढलं, त्याच आठवड्यात पेणची समीक्षा दारात उभी राहिली. आमनाने तिला लगेच ओळखलं. तिचे वडील धाटावला होते, तेव्हा ही पोरगी एकही गुरुवार चुकवत नसे. आता ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत होती आणि सुट्टीला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची.

"चाची, एक खेळ केलाय. या मशिनवर चालतो. लावून बघू?"

"या जुन्यावर? नव्यावर का नाय केलास गो?"

"नव्यावर करायचा तर परवानग्या नि खर्च, माझ्या आवाक्याबाहेर. आणि मी खेळायला शिकले ते यावरच ना? याच्या सगळ्या खोडी मला पाठ हायत."

पडद्यावर पेणचा कारखाना उघडला. एकाने टेम्पो चालवायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून मूर्ती सांभाळायच्या आणि रोह्यापर्यंत पोचायचं. वाटेत कासूजवळ खड्डे, मध्येच आडवी येणारी म्हैस, समोरून येणारी एसटी. रितेशला फोन गेला, तो मित्राला घेऊनच आला. पहिल्याच खड्ड्यात मूर्ती डुलल्या तसे दोघं एकमेकांवर ओरडले, "अरे हळू!", "तू धर ना नीट!" त्यांचा आवाज ऐकून शेजारचा चहावालाही किटली घेऊन आत आला आणि तिथंच रमला.

गणपतीपर्यंत गाळ्यात पुन्हा गर्दी झाली. समीक्षाने खेळ फुकट वाटला, तशी महाड-माणगावकडची माणसंही माळ्यावर टाकलेली मशिनं पुसायला लागली. तिच्या दोन मैत्रिणींनी आणखी एक खेळ करायला घेतला. कमरुद्दीनने कव्हरवाल्याला नकार कळवला आणि बायकोला म्हणाला, "तुझा गुरुवार कामी आला हां."

आमनाचे डोळे भरून आले. ती समीक्षाला म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू गो?"

"मी काय उपकार केले, चाची? लहानपणी पोरं खेळत असली की मला तिथून हाकलायचे. 'पोरी, हे तुझं काम नाय.' तुम्ही तेवढ्या खुर्ची पुढं केलीत. नीट बसायला सांगितलंत आणि वर लाडू दिलात."

आमनाला लाडू आठवेना. इतक्या पोरी आल्या होत्या. पण कधीकाळी सहज केलेलं असं कुणीतरी जपून ठेवतं! तिने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले.

इतक्या वर्षांत तिने कधी कंट्रोलर हातात घेतला नव्हता. समीक्षाने त्या दिवशी तो तिच्या हातात दिलाच. आमनाने टेम्पो इतका सावकाश हाकला, की मागून येणारी म्हैससुद्धा पुढे गेली. रितेश हसून हसून लोळला.

रोहा आलं तेव्हा एकही मूर्ती हललेली नव्हती.