नाकारलेले कॉल

शाखेतल्या बाई तीन आठवडे रिपोर्टच पाठवत नाहीत, असं नेटवर्कवाल्याने भर मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं होतं. आज बाईंना कामावरून काढायचं पत्र टाइप होत होतं.

सहज म्हणून त्याने आपल्या वर्कस्टेशनवरची कॉलची नोंद उघडली. त्यातलं सॉफ्टवेअर बाहेरून आलेला प्रत्येक कॉल वेळेसकट लिहून ठेवायचं, घेतलेला आणि नाकारलेलाही. रिपोर्ट घेऊन बाईंच्या मशीनचा कॉल रोज सकाळी दहाला आला होता आणि रोज परत धाडला गेला होता. ज्यांचे कॉल घ्यायचे त्या यादीत त्यांच्या शाखेचा नंबर टाकायला तोच विसरला होता.

नोंद पुसायला एक बटण पुरेसं होतं, आणि त्याचं बोट त्या बटणापर्यंत गेलंही. मग त्याने बाईंना फोन लावला.

"बाई, चूक माझी होती."

"ठाऊक आहे, दादा. साहेबांना सांगितलं मी. ते म्हणाले, आमचा माणूस चुकत नाही."

नोंदीचा कागद घेऊन तो केबिनमध्ये शिरला. साहेब म्हणाले, "दार लावून घे आणि बोल."

बाहेर सगळं ऑफिस बसलं होतं. त्याने दार सताड उघडं ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.